मोठ्या देशांची चुरस असली की लढाया वाढतात का कमी होतात? फौजेत आणि युनोत काढलेल्या दिवसांवरून उत्तर

लातूरला अभ्यासिकेत तयारी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की, पुस्तकात लिहिलंय शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर टपून होते पण थेट कधी भिडले नाहीत, म्हणजे त्या चुरशीनं जग स्थिर राहिलं. मग आता अमेरिका, चीन, रशिया अशी चुरस परत आलीय तर लढाया कमी व्हायला पाहिजेत, पण बातम्यांत तर उलटंच दिसतंय, तर खरं काय धरायचं? आणि मोठ्या देशांनी मनावर घेतलं तर ह्या लढाया थांबणार नाहीत का?

ताई, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी तुळजापूर तालुक्यातला, नळदुर्गच्या जवळचा. 1990 ला फौजेत भरती झालो, सुभेदार म्हणून रिटायर झालो. 1993-94 ला सोमालियात बैदोआला आणि 2008 ला कांगोत गोमाला युनोच्या मिशनवर होतो. आता भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना शिकवतो. पुस्तकं नंतर वाचली, आधी लढाईच्या गावात राहिलो, त्यामुळं माझं उत्तर जरा त्या बाजूनं येईल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. लढाई लागते कशानं हा एक, आणि लागलेली लढाई विझत का नाही हा दुसरा. टीव्हीवरच्या चर्चा सगळ्या पहिल्यातच अडकतात, कुणी सुरू केली, कुणाची चूक. मी जे बघितलं त्यावरून सांगतो, मोठ्या देशांच्या चुरशीचा खरा जोर दुसऱ्यावर असतो. भांडण बहुतेक वेळा तिथलंच असतं, जमिनीचं, टोळीचं, खुर्चीचं, जुन्या सूडाचं. मोठे देश त्यात उतरले की ते लांबतं, जड होतं आणि मिटायचं राहून जातं. कधी कधी ते आवरूनही धरतात, तेही खाली सांगतो, कारण तेवढं सोडलं तर उत्तर अर्धं राहील.

आपल्याकडचं बांधाचं भांडण घ्या. दोघा भावांची वाटणी झाली, एकानं नांगरताना हातभर बांध कोरला, शिव्यागाळी झाली, मोजणी आणली, तलाठ्याकडं खेटे घातले. घरचाच पैसा असता तर दोन पावसाळ्यांत दोघं थकले असते आणि चार लोकांनी बसवून मिटवलं असतं. पण एकाच्या मागं तालुक्यातला एक पुढारी उभा राहतो, दुसऱ्याच्या मागं त्याचा विरोधक, वकिलाची फी बाहेरून यायला लागते, आणि मग तेच हातभर रान वीस वर्षं कोर्टात पडून राहतं, कारण कुणीही हरायला आला की त्याच्याकडं मदत पोचते. पुढाऱ्याला त्या बांधाचं काही नसतं, समोरच्याचा माणूस वर चढू नये एवढंच असतं. आणि ते दोघं पुढारी एकमेकांच्या अंगावर कधी जात नाहीत, कारण तसं केलं तर दोघांचंही सगळंच जाईल हे दोघांना माहीत असतं.

शीतयुद्धात शांतता होती हे वाक्य त्या दोन पुढाऱ्यांपुरतं खरं आहे. कोरियात 1950 ते 1953 तीन वर्षांत वीस लाखांच्या वर माणसं मेली. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे 58 हजार सैनिक गेले आणि व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट. अंगोला, मोझांबिक, एल साल्वादोर, कंबोडिया, अफगाणिस्तान, ही सगळी नावं त्याच काळातली आहेत. त्यामुळं परीक्षेत लिहाल तेव्हा महासत्तांमध्ये थेट युद्ध झालं नाही असं लिहा, जग शांत होतं असं लिहू नका, ह्या दोन वाक्यांत लाखो मढ्यांचा फरक आहे.

आता सोमालियाचं सांगतो, कारण तिथं मला हे पहिल्यांदा हाताला लागलं. बैदोआ म्हणजे 1992 च्या दुष्काळातलं सगळ्यात वाईट गाव. आमची ब्रिगेड तिथं पोचली तेव्हा धान्य येत होतं, कॉन्व्हॉय सोबत नेऊन पोचवायचं आणि जप्त झालेली हत्यारं जमा करून घ्यायची हे काम. एक दिवस तपासणीत सापडलेल्या रायफली ताडपत्रीवर ओळीनं मांडल्या होत्या आणि मला त्यांची यादी करायला बसवलं होतं. एकीच्या सिलेक्टरजवळ रशियन अक्षरं. तिच्या शेजारची दिसायला तशीच, पण अक्षरं चिनी आणि नळीखाली दुमडून ठेवलेलं टोकदार संगीन, म्हणजे चिनी नक्कल. त्याच्या पलीकडं अमेरिकन एम-16, प्लास्टिकचा दस्ता, काळी. तिन्ही एकाच टोळीच्या पोरांकडून आलेल्या. मी तेव्हा बाविसाचा होतो, मला वाटलं ह्यांनी लुटून आणल्या असतील. आमच्या दुभाष्यानं सांगितलं, लुटल्या खऱ्या, पण आपल्याच सरकारच्या कोतमधून, म्हणजे फौजेच्या हत्यारांच्या कोठारातून, आणि कोतमध्ये रशिया आणि अमेरिका, दोघांनीही भरल्या होत्या.

ते कसं झालं ते ऐका. 1969 ला सियाद बर्रेनं सत्ता घेतली, रशियनांशी दोस्ती केली, 1974 ला करार झाला, बर्बेरा बंदरात सोव्हिएत नौदल आलं. शेजारचा इथिओपिया तेव्हा अमेरिकेचा. मग 1974 ला इथिओपियात राजा हेले सेलासी गेला, तिथं डावे लष्करी अधिकारी आले. 1977 च्या जुलैत सोमालियानं ओगादेन घ्यायला इथिओपियावर चढाई केली. ओगादेन सोमाली लोकांचा मुलूख, भांडण शंभर टक्के तिथलंच, मॉस्कोनं काही लावून दिलं नव्हतं. पण मॉस्कोला दोन्ही चेले हवे होते, ते जमेना तेव्हा त्यांनी मोठा देश निवडला, इथिओपिया. विमानांनी हत्यारं उतरवली, क्यूबाचे सुमारे 15 हजार सैनिक आले. सोमालियानं नोव्हेंबरमध्ये रशियनांना हाकललं, मार्च 1978 पर्यंत सोमाली फौज मागं रेटली गेली, आणि 1980 मध्ये त्याच बर्बेराचा वापर करायचा करार अमेरिकेनं केला. म्हणजे दोन्ही महासत्तांनी बाजू बदलल्या आणि सोमालियात आधी रशियन हत्यारं आलेली, त्यावर पश्चिमेची आली. ज्या माणसाला ती दिली तो बर्रे आपल्याच लोकांवर ती चालवत गेला, 1988 ला हर्गेसा शहर बाँबनं उद्ध्वस्त केलं. मग सोव्हिएत संघच ढासळायला लागला, अमेरिकेला बर्बेराची गरज उरली नाही, मदत आटली, आणि जानेवारी 1991 ला बर्रे पळाला. कोतं फुटली. त्यातल्याच रायफली मी मोजत होतो.

ह्यावर माझा एक विचार आहे, तो पुस्तकात मला कुठं सापडला नाही. आमच्याकडं 1972 चा दुष्काळ मी वर्षाचा असताना पडला. आई सांगायची, बाप आणि ती दोघं कामावर खडी फोडायला जायची, अमेरिकेतून आलेली मिलो, ती लाल ज्वारी, तिच्या भाकरी थापताना मोडायच्या, पोरांना सुकडी मिळायची. जनावरं गेली, विहिरी कोरड्या पडल्या, लोक मुंबई-पुण्याला निघाले. पण गाव गावाच्या अंगावर बंदूक घेऊन गेलं नाही, कारण बंदुका नव्हत्या आणि कसंही का होईना सरकार उभं होतं. बैदोआतही पाऊसच गेला होता. पण तिथं धान्याचा ट्रक आला की आधी बंदूकवाला पोचायचा, आणि ज्या घरात बंदूक नाही त्या घरातली पोरं मरायची. पाऊस दोन्हीकडं नव्हता. पंधरा वर्षं कुणीतरी आपल्या चुरशीपायी एका गरीब देशात हत्यारं ओतली नसती तर बैदोआचा दुष्काळ निदान आपल्या बहात्तरसारखा तरी राहिला असता, असं मला त्या ताडपत्रीपाशी वाटलं आणि आजही तसंच वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, चुरस संपली की लढाया थांबतात का. याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देणारा माणूस भेटला तर जरा सावध राहा, कारण 1988 ते 1992 ह्या चार-पाच वर्षांत जगात ह्याची खरोखरची परीक्षा झाली आणि निकाल तीन प्रकारचे लागले.

काही लढाया खरंच विझल्या. नामिबियाचा डिसेंबर 1988 ला करार झाला आणि 21 मार्च 1990 ला देश स्वतंत्र झाला. एल साल्वादोरमध्ये जानेवारी 1992 ला तह झाला. मोझांबिकचा ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये. कंबोडियाचा ऑक्टोबर 1991 ला पॅरिसमध्ये, पुढं तिथं आपली पलटणही गेली. ह्या ठिकाणी लढणाऱ्यांचा पैसा आणि हत्यारं जवळजवळ बाहेरूनच यायची, नळ बंद झाला तसं दोघंही टेबलावर आले.

काही लढाया चालूच राहिल्या कारण लढणाऱ्यांनी स्वतःची तिजोरी शोधली. अंगोला बघा. तिथं एका बाजूला सोव्हिएत मदत आणि क्यूबाची फौज, दुसऱ्या बाजूला बंडखोर नेता साविंबीच्या युनिटा संघटनेला अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका. क्यूबाचे सैनिक 1991 पर्यंत परत गेले, महासत्तांनी हात काढले, पण साविंबीकडं हिरे होते आणि सरकारकडं समुद्रातलं तेल. लढाई फेब्रुवारी 2002 ला साविंबी मारला गेला तेव्हाच थांबली. म्हणजे चुरस संपल्यावरही दहा वर्षं. त्याच अंगोलात कॅबिंडा भागात अमेरिकन कंपनीच्या तेलाच्या ठिकाणांना क्यूबाचे सैनिक पहारा देत होते, अमेरिकेच्याच पैशावर चालणाऱ्या बंडखोरांपासून. खजिना कुणाचा आणि झेंडा कुणाचा ह्या गोष्टी लढाईत किती वेगळ्या चालतात ते ह्यावरून लक्षात घ्या.

आणि काही ठिकाणी चुरस संपल्यामुळंच लढाई लागली, म्हणजे जी राजवट बाहेरच्या टेकूवर उभी होती ती कोसळली. सोमालिया सांगितलाच. अफगाणिस्तानातला रशियनांच्या टेकूवरचा राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला तसाच, रशियन फौज 15 फेब्रुवारी 1989 ला परत गेली, सगळे म्हणत होते आता हा सहा महिने टिकत नाही, पण तो तीन वर्षं टिकला कारण मॉस्कोहून धान्य, इंधन आणि हत्यारं येत राहिली. डिसेंबर 1991 ला सोव्हिएत संघच संपला, आणि एप्रिल 1992 ला नजीबुल्लाचं सरकार पडलं. त्यानंतर मुजाहिदीन आपसात भिडले आणि काबूल त्यांच्याच तोफांनी पाडलं. कांगोत हुकूमशहा मोबुटू 1965 पासून पश्चिमेचा लाडका, रशियनांना आफ्रिकेत शिरू न देणारा म्हणून. गरज संपली, टेकू गेला, 1997 ला तो पळाला, आणि 1998 पासून रवांडा, युगांडा, झिंबाब्वे, अंगोला, नामिबिया सगळे त्या देशात उतरले. ती लढाई कुठल्याही महासत्तेनं लावलेली नव्हती.

2008 ला मी गोमात होतो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. ऑक्टोबरच्या शेवटी एन्कुंडाचे बंडखोर गोमाच्या अगदी तोंडाशी आले आणि लोक लोंढ्यानं शहराकडं निघाले, उत्तरेला किबातीजवळ पालं पडली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, काळी, धारदार, त्यात खुंटी ठोकली जात नाही. बायका दगड गोळा करून प्लास्टिकच्या कडांवर ठेवत होत्या, वारा आला की दगड सरकायचे आणि पाल उडायचं, मग परत दगड. तिथं अमेरिका-रशियाचा काही संबंध नव्हता. जमिनीचा वाद, रवांडातल्या 1994 च्या नरसंहारानंतर सीमेपार आलेले हत्यारबंद लोक, शेजारी देशांचे हिशोब, आणि खाणी. एन्कुंडा गेला, पण त्याच वळणाची माणसं एम23 नावानं परत उठली, 2012 ला गोमा घेतलं, सोडलं, आणि जानेवारी 2025 ला पुन्हा घेतलं. म्हणून म्हणतो, मोठ्या देशांची चुरस हे लढाईचं एकुलतं एक कारण धरलं तर तुमचं उत्तर कांगोत येऊन चुकेल.

आता आवरून धरण्याबद्दल, कारण तुमच्या पुस्तकातलं वाक्य अगदीच खोटं नाही. अणुबाँबची भीती खरी आहे. कोरियात सोव्हिएत वैमानिक मिग-15 उडवून अमेरिकन विमानं पाडत होते, पण विमानांवर खुणा दुसऱ्या, अंगात चिनी गणवेश, रेडिओवर रशियन बोलायला मनाई. अमेरिकेला ते कळलेलं होतं आणि त्यांनीही जाहीर केलं नाही, कारण जाहीर केलं असतं तर लोकांनी रशियाशी युद्ध मागितलं असतं. दोघांनी मिळून एक खोटं सांभाळलं आणि त्यामुळं लढाई कोरियातच राहिली. पण जुलै 1953 ला नुसती शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत नाही. आवरून धरणं आणि मिटवणं ह्यात फरक आहे तो हा.

आपल्या 1971 मध्येही दोन्ही बाजू दिसतात. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना चीनशी बोलायचं होतं आणि वाट पाकिस्तानातून जात होती, त्यांचे सल्लागार किसिंजर जुलै 1971 ला इस्लामाबादहूनच गुपचूप पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला गेले. म्हणून पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना अमेरिकेनं पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानला खडसावलं नाही. ही चुरशीची किंमत, आणि ती बंगाली माणसानं भरली. दुसरीकडं आपण 9 ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार केला, डिसेंबरमध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेतले युद्धबंदीचे ठराव त्यांनी व्हेटोनं, म्हणजे नकाराधिकारानं अडवले, आपल्या फौजेला ढाक्यापर्यंत जायला दिवस मिळाले. अमेरिकेचं एंटरप्राइज जहाज बंगालच्या उपसागरात आलं तोवर निकाल लागत आला होता. 16 डिसेंबरला 93 हजारांची शरणागती. इथं चुरशीनं लढाई छोटी केली, पण ती आपल्यापुरती आणि त्या वेळेपुरती, ह्यावरून नियम बांधायला जाऊ नका.

आणि मराठवाड्याच्या माणसाला तर ह्याचं उदाहरण घरातच आहे. माझी आजी सांगायची, सप्टेंबर 1948 मध्ये पहाटे सोलापूरच्या बाजूनं धाडधाड आवाज आला, बोरी नदीच्या पुलाकडं, आणि लोक रझाकार आले म्हणून ज्वारीच्या रानात जाऊन बसले, मग कळलं ही भारताची फौज आहे. 13 सप्टेंबरला सुरू झालं, 17 ला संपलं, तो आपला मुक्तिदिन. पण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की ऑगस्ट 1948 मध्येच निजामाच्या हैदराबाद संस्थानानं युनोच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं हत्यारंही आणत होता. तरी पाच दिवसांत निकाल लागला आणि त्याच महिन्यात निजामानंच तक्रार मागं घेतली. त्याच वर्षी जानेवारीत काश्मीरचा प्रश्न त्याच परिषदेत गेला होता, तो मात्र तिथं अडकला. फरक कशानं पडला? एक तर भूगोल, हैदराबाद चारी बाजूंनी भारतात आणि काश्मीरला लागून पाकिस्तानची फौज. हे मोठं कारण, ते लपवू नये. पण दुसरं हेही की हैदराबादसाठी कुठल्याच मोठ्या सत्तेनं स्वतःला पणाला लावलं नाही, आणि काश्मीरवर मात्र पुढं चुरशीचा थर चढत गेला, पाकिस्तान 1954-55 ला अमेरिका-ब्रिटनच्या करारांत शिरला, हत्यारं मिळाली, तर 1957 आणि 1962 ला सोव्हिएत व्हेटो आपल्या बाजूनं पडला. दोर दोन्ही बाजूंनी ओढला गेला आणि प्रश्न जागच्या जागी राहिला. (त्या पाच दिवसांनंतर आमच्या जिल्ह्यात मुसलमान शेजाऱ्यांवर जो सूड उगवला गेला, ज्याची पाहणी करायला सुंदरलाल समिती आली होती, ते दुखणं वेगळं आहे आणि लढाई लवकर मिटली म्हणून ते लहान होत नाही.)

आता आजचं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची मोजणी असते, ज्यात सरकार एक बाजू आहे आणि वर्षात निदान 25 माणसं लढाईत मेलीत असे संघर्ष ते मोजतात. 2024 ला असे 61 निघाले, 1946 पासून तोवरच्या मोजणीत सगळ्यात जास्त. म्हणजे तुमच्या बातम्या बरोबर सांगतायत. पण ते सगळे चुरशीनं लागले असं म्हणता येत नाही, म्यानमार, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेल पट्टा, इथिओपिया ह्यांची आपापली कारणं आहेत. चुरशीचा ठसा दिसतो तो न मिटण्यावर.

युक्रेन तर सरळ मोठ्या देशानं सुरू केलेलं युद्ध, 24 फेब्रुवारी 2022. आपल्याकडची डॉक्टरकी शिकायला गेलेली पोरं परत आणावी लागली आणि डीएपी खताचे भाव चढले म्हणून ते आपल्या गावापर्यंत पोचलं. तिथंही बघा, पश्चिमेनं हत्यारं एका दमात दिली नाहीत, आधी खांद्यावरची क्षेपणास्त्रं, मग 2022 च्या मध्यात हायमार्स ही लांब पल्ल्याची रॉकेटं, 2023 च्या जानेवारीत रणगाड्यांची घोषणा, एफ-16 विमानं तर 2024 च्या मध्यात. का, तर रशियाकडं अणुबाँब आहे. युक्रेन हरू नये इतकं द्यायचं आणि रशिया बिथरू नये इतकं थांबायचं. दुसऱ्या बाजूनं रशियाला उत्तर कोरियाचे गोळे आले, पुढं कुर्स्कला त्यांचे सैनिकही. कोरियातलं जुनं गणित उलट्या बाजूनं, आणि खंदकातल्या पोराला त्यात काहीच मत नाही. एक फौजी म्हणून मला ह्याचा फार त्रास होतो, कुठल्याही बाजूच्या पोराबद्दल.

सीरियात 2011 पासून रशियानं डझनाहून जास्त वेळा व्हेटो वापरला, विमानं पाठवली, इराणनं माणसं दिली, दुसऱ्या बाजूला अमेरिका, तुर्कस्तान, आखाती देश. तेरा वर्षं चाललं. आणि रशिया युक्रेनमध्ये गुंतला, असदच्या बाजूनं लढणाऱ्या लेबनॉनच्या हिजबुल्लाचं कंबरडं मोडलं, तेव्हा डिसेंबर 2024 ला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असदचं सरकार दोन आठवड्यांच्या आत पडलं. नजीबुल्लाचीच गोष्ट वाटते ना? टेकू निघाला.

जुन्या काळापेक्षा एक गोष्ट मात्र बदललीय आणि ती मला जास्त काळजीची वाटते. तेव्हा पुढारी दोनच होते, दोघांनी ठरवलं की नळ बंद व्हायचा. आता मधल्या फळीतले देशही हत्यारं देऊ शकतात, ड्रोन स्वस्त झालेत, तुर्कस्तानचे, इराणचे. सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 ला सेनाप्रमुख बुरहानची फौज आणि हेमेदतीचं आरएसएफ नावाचं निमलष्करी दल एकमेकांवर उठले, दोघं आधी मिळून सत्तेत होते. इजिप्त फौजेच्या बाजूचा, आरएसएफला हत्यारं पोचवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर होतो आणि ते नाकारतात, इराणचे ड्रोन फौजेकडं. एक कोटीच्या वर माणसं घर सोडून गेलीत. एवढ्या नळांवर एका वेळी हात ठेवणारा आज कुणी नाही.

तर मध्येच एकदा गोळा करून सांगतो, पुढच्या भागाला उपयोगी पडेल. चुरस महासत्तांना एकमेकांपासून लांब ठेवते, त्याच वेळी छोट्या देशातल्या भांडणाला सरपण पुरवते. सरपण थांबलं की लढाई विझेल का हे तिथं स्वतःचा खजिना आहे का, हत्यारं किती उरलीत, आणि शेजारी काय करतोय ह्यावर असतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मोठ्यांनी मनावर घेतलं तर. घेतल्यावर होतं, नामिबिया हा पुरावा. तिथं क्यूबाची फौज अंगोलातून जाणार आणि दक्षिण आफ्रिका नामिबिया सोडणार अशी अदलाबदल बसवली, अमेरिकेनं मध्यस्थी केली आणि सोव्हिएत संघानं आतून आपल्या माणसांना राजी केलं. युनोची जी फौज गेली तिचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल देवान प्रेमचंद होते. निवडणूक झाली, झेंडा उतरला, दुसरा चढला. निळी टोपी घातलेला शिपाई तेव्हाच काही करू शकतो जेव्हा त्याच्या मागं सगळे मोठे एका मताचे असतात. मी दोन्ही बघितलंय. सोमालियात ते मत फुटलं, ऑक्टोबर 1993 ला मोगादिशूत अमेरिकेचे 18 सैनिक गेले, त्यांनी निघायचं ठरवलं आणि मग बाकीच्या देशांच्या पायाखालची जमीन सरकली. आम्ही डिसेंबर 1994 ला किस्मायोहून आपल्या नौदलाच्या जहाजांवर चढलो. किनाऱ्यावर उभी असलेली माणसं आमच्याकडं बघत होती आणि त्यांना सांगायला आमच्याकडं काही नव्हतं.

आज तशी एकमताची वेळ दिसत नाही. 2014 ला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मिशन उभं राहिलं, त्यानंतर तेवढं मोठं नवं शांतिमिशन झालेलं नाही. मालीतलं 2023 च्या शेवटी गुंडाळावं लागलं. नोव्हेंबर 2024 ला सुदानमध्ये लढाई थांबवा म्हणणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, 14 मतं बाजूनं पडली, एक रशियाचं विरोधात, आणि ठराव मेला. गाझाच्या युद्धबंदीच्या ठरावांवर असाच व्हेटो अमेरिकेनं वापरलाय. दोन्हीकडं मतपेटी तीच, माणसं वेगळी मरतात.

ताई, अभ्यासिकेच्या भिंतीवर नकाशा असेल तर एक काम करा, एडनच्या आखातात बर्बेरा शोधा. 1977 पर्यंत तिथं रशियन, 1980 पासून अमेरिकन. आता तो भाग सोमालीलँड म्हणून वेगळा चालतो, बंदर दुबईची कंपनी चालवते, आणि समुद्र नसलेल्या इथिओपियानं 2024 च्या जानेवारीत सोमालीलँडशी किनारा मिळवायचा करार केला तेव्हा मोगादिशूचं सरकार खवळलं, इजिप्तनं त्याच वर्षी मोगादिशूला हत्यारं पाठवली आणि तुर्कस्तानला मध्ये पडून समेट करावा लागला. मी बैदोआत मोजलेल्या रायफली ज्या भांडणातून आल्या त्याच दोन शेजाऱ्यांचं हे भांडण आहे. तिथं पुढं काय होतंय ते मी रोज बघतो, तुम्हीही बघत राहा, आणि त्यावर काही अडलं तर परत विचारा, मी उत्तर देईन.